दान, दाम आणि अनुदान

वाङ्मयाला वाहिलेल्या पृष्ठांत खताचें पोतें आणून टाकल्याबद्दल वाचकांनीं प्रथमच आम्हांस क्षमा करावी. शेतकऱ्यास सरकारकडून मिळणाऱ्या पैशाची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनीं करावी, फार तर वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांनीं करावी, टीकाकारानें आपलें काव्य-नाटक सांभाळून असावें, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. कित्येक वर्षें तो आम्हीच दुसऱ्यांवर घेत आलों आहों. परंतु 'अनुदान' या शब्दानें गेल्या दोन पिढ्यांत केला तेवढा प्रवास मराठींतील दुसऱ्या संस्कृत शब्दानें क्वचितच केला असेल. तो विद्यापीठाच्या कचेरींत आहे, ठिबकाच्या नळ्या विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर आहे, ग्रामसभेच्या ठरावांत आहे, आणि ज्यानें आयुष्यांत संस्कृताचें एक अक्षर ऐकलें नाहीं अशा म्हाताऱ्याच्या तोंडींहि आहे. शब्द इतका सर्वसंचारी झाला म्हणजे त्याची झडती घेणें हें टीकाकाराचेंच काम ठरतें. अर्थ कोणाच्या पदरांत पडतो हें पाहावयाचें, तर आधीं वाक्य कसें रचलें आहे तें पाहावें लागतें.

शाळेंत व्याकरणाच्या तासाला आम्हांस शिकविलें होतें कीं, ज्यास कांहीं द्यावयाचें तो संप्रदान आणि त्याची विभक्ति चतुर्थी. ज्याच्यापासून कांहीं निघून जातें तो अपादान आणि त्याची विभक्ति पंचमी. 'सरकार शेतकऱ्यास अनुदान देतें' या वाक्यांत सरकार हा कर्ता, अनुदान हें कर्म आणि शेतकरी हा संप्रदान. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. पण निर्दोष वाक्य खरें असतेंच असें नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तीन प्रकारचें लेखन या दृष्टीनें तपासणार आहों: जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड', शरद जोशी यांचें शेतीविषयक लेखन, आणि ज्यास कोणीहि वाङ्मय म्हणत नाहीं, पण जें आज खेड्यांत कादंबरीपेक्षां अधिक वाचलें जातें, तें सरकारी योजनांचें गद्य. तिघांनाहि प्रश्न एकच विचारावयाचा: तुमच्या वाक्यांत शेतकरी कोणत्या विभक्तींत उभा आहे?

'असूड' १८८३ सालीं लिहून पुरा झाला. पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतपत्रें जाळल्यास तेव्हां आठ वर्षें झालीं होतीं, आणि दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं १८७९ चा कायदा होऊन चार. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु'नें पुस्तकाचीं पहिलीं दोन प्रकरणें छापलीं. पुढचीं छापण्याचें धैर्य त्या पत्रास झालें नाहीं. सुशिक्षितांस ही भाषा मानवण्यासारखी नव्हतीच. 'निबंधमाला'कारांनीं जोतीरावांच्या आधींच्या लेखनाचें परीक्षण करतांना त्यांचें व्याकरण थट्टेवारी नेलें होतें, आणि त्या थट्टेचा सूर आमच्या वर्गाच्या कानांत फार काळ घुमत राहिला. आम्ही इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन बाहेर पडलों, तोंवर 'असूड' हें वाचण्याचें पुस्तक आहे असें आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें, आणि आम्हीहि कोणास विचारलें नव्हतें. उशिरां वाचावयास घेतलें तेव्हां एक गोष्ट मनांत टोंचली. ज्याच्या व्याकरणाची टवाळी झाली, त्यानेंच देवघेवीचें व्याकरण आमच्या सर्व पंडितांच्या आधीं ओळखलें होतें.

'असूडां'तील शेतकरी हा घेणारा नाहीं. पुस्तकभर त्याच्यापासून कांहीं ना कांहीं निघून चाललें आहे: सारा, लोकलफंड, सावकाराचें व्याज, कारकुनाची चिरीमिरी, भिक्षुकाची दक्षिणा. कलेक्टरसाहेबाच्या तंबूवरून परतणारा, स्वतःशींच बोलत चाललेला जो शेतकरी या पुस्तकांत भेटतो, आणि त्याच्या मागोमाग आपण त्याच्या घरांत शिरल्यावर तेथील भांड्याकुंड्यांचें, गोठ्याचें, अंथरुणापांघरुणाचें जें वर्णन येतें, तें मराठी गद्यांतील वास्तवदर्शनाचा एक आरंभ म्हणून शिकविण्यासारखें आहे. तेथें लेखक हळहळत बसत नाहीं. एकेक वस्तु मोजून दाखवितो. ज्या घरांतून इतकें बाहेर गेलें, त्यांत उरलें किती, याची ती जणूं जप्तीची यादीच आहे.

आणि मग पांचव्या प्रकरणांत उपाय येतात. येथें वाचणाऱ्यास आश्चर्य वाटावें अशी गोष्ट ही कीं, शेतकऱ्याच्या हातावर दरसाल कांहीं रक्कम ठेवावी असें जोतीराव म्हणत नाहींत. लष्करांतील व पोलिसखात्यांतील माणसांकडून जागोजाग बंधारे घालवून घ्यावेत, म्हणजे पावसाचें पाणी शेतांत मुरेल. तळीं-तलाव यांतील गाळ काढावा. जमिनीखालचे पाण्याचे झरे हुडकवावेत. परदेशांतून उत्तम जातीचे मेंढे आणून पैदास सुधारावी. रानडुकरांपासून पीक राखण्यास शेतकऱ्यास बंदूक बाळगूं द्यावी. प्रदर्शनें भरवून, परीक्षा घेऊन, चांगल्या शेतकऱ्यांस बक्षिसें द्यावींत. या यादीस दानाचा वास नाहीं. सारा म्हणून जें नेलें तें बंधारा म्हणून परत यावें, एवढाच रोखठोक हिशेब आहे. शेतकरी पंचमींत उभा आहे हें एकदां मान्य केलें, म्हणजे त्यास जें मिळावयाचें तें भेट राहत नाहीं, परतफेड होते.

जोतीरावांच्या मांडणींत दोष नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. राणीच्या सरकारास खरी स्थिति कळली कीं तें आपोआप जागें होईल, हा त्यांचा विश्वास आज वाचतांना भाबडा वाटतो. सरकार जागें झालें तें सावकाराच्या वेषांत. त्याच १८८३ सालीं जमीनसुधारणेच्या कर्जाचा कायदा झाला, पुढच्या सालीं शेतकऱ्यांच्या कर्जाचा. आणि 'तगाई' हा जुना शब्द नव्या छापील कागदांवर चढला. वेडरबर्न यांनीं पुढें मांडलेली आणि न्यायमूर्ति रानड्यांनीं उचलून धरलेली शेतकी पेढीची योजना मात्र लंडनहून नामंजूर झाली. बंधारा मागितला होता, कर्ज मिळालें.

येथून शंभर वर्षें पुढें यावें. शरद जोशी आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेंतील स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून परत आले आणि चाकणजवळ आंबेठाण येथें कोरडवाहू जमीन घेऊन राहिले. १९७८ सालीं चाकणला कांद्याच्या भावासाठीं आंदोलन झालें. १९८० सालीं नाशिक जिल्ह्यांत कांदा आणि ऊस यांच्यासाठीं त्याहून पुष्कळ मोठें. या माणसाचें लेखन आमच्या वाङ्मयसमीक्षेनें बहुतेक चळवळीच्या कपाटांत ठेवून दिलें आहे, आणि तो अन्याय आहे. त्यांच्या गद्यांत जोतीरावांचा लांब श्वास नाहीं. त्याच्या जागीं हिशेबनिसाची कोरडी चिकाटी आहे, व मधूनच एक कोपरखळी. शेतावर राबतांना आपल्याच वहींत आपण मांडलेला जमाखर्च जुळत नाहीं हें त्यांस दिसलें, आणि पुढचें सर्व लेखन त्या न जुळलेल्या बेरजेंतून निघालें आहे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांच्या शेतकरी संघटनेची घोषणा घ्या. दान आणि दाम हे दोन शब्द कानाला किती जवळचे आहेत, आणि माणसाला उभें करण्याच्या रीतींत किती दूरचे, हें त्या एका ओळींत ऐकूं येतें. दान घेणारा हात खालीं असतो. दाम घेणारा समोर असतो.

त्यांचा सर्वांत मोलाचा शब्द मात्र 'उणे सबसिडी' हा होय. सरकार एका हातानें खतावर, विजेवर, पाण्यावर जें देतें, त्याहून अधिक तें दुसऱ्या हातानें निर्यातबंदी, सक्तीची लेव्ही, मालाच्या ने-आणीवरील निर्बंध आणि ऐन सुगीच्या वेळची आयात या वाटांनीं काढून घेतें. म्हणून दोहोंची बेरीज शून्याच्या खालीं जाते, असें ते सांगत. पुष्कळांस हें वक्त्याचें अलंकारिक बोलणें वाटलें. परंतु आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें दिल्लीच्या 'इक्रिअर' या संस्थेच्या सहकार्यानें २०१८ सालीं भारतीय शेतीधोरणाचें जें परीक्षण प्रसिद्ध केलें, त्यांत २००० पासूनच्या काळाची ही बेरीज एकंदरीत उणेच निघाली. म्हणजे 'सरकार शेतकऱ्यास देतें' या वाक्यांत, पुरा हिशेब मांडल्यावर, कर्ता आणि संप्रदान यांनीं जागा बदलल्या. देणारा शेतकरी, घेणारे आपण, जे स्वस्त कांदा चिरतों आणि त्याच्या भावावर व्याख्यान देतों.

हा सिद्धांत जुना झाला असें कोणास वाटत असेल तर त्यानें कांद्याचीं अलीकडचीं तीन वर्षें पाहावींत. ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसलें. त्याच वर्षीं ८ डिसेंबरास निर्यात पूर्ण बंद झाली. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली पण चाळीस टक्के शुल्क राहिलें, मग तें निम्में झालें, आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलें. या साऱ्या काळांत शेतकऱ्याच्या खात्यावर सन्मानाचे हप्ते वेळच्या वेळीं पडतच होते. आतां साधी बेरीज करून पाहा. शंभर क्विंटल कांदा विकणाऱ्याचा भाव क्विंटलमागें अवघ्या साठ रुपयांनीं उतरला, तर त्याचे सहा हजार रुपये गेले. केंद्र सरकारच्या वर्षाच्या तिन्ही हप्त्यांची रक्कमहि तेवढीच आहे. हप्ता मिळाल्याचा संदेश त्याच्या फोनवर येतो. भावांत गेलेल्या पैशाचा संदेश कोणी पाठवीत नाहीं.

शरद जोशींवरहि एक आक्षेप घेतलाच पाहिजे. भाव वाढल्याचा लाभ ज्यास विकावयास कांहीं आहे त्यास अधिक होतो. जो आपली बाजरी घरींच खातो आणि उरलेलें वर्ष दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करतो, त्याच्यापर्यंत तो दाम पोंचेलच अशी त्यांची खात्री होती; आमची तितकी नाहीं. त्यांच्या 'भारत' आणि 'इंडिया' या प्रसिद्ध विभागणींत भारताच्या आंतली भिंत कांहींशी पुसट झाली आहे. पण ती भिंत त्यांस दिसतच नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९८६ सालीं चांदवडला त्यांनीं शेतकरी स्त्रियांचें विराट अधिवेशन भरविलें, आणि पुढें 'लक्ष्मीमुक्ति'च्या मोहिमेंत पुरुषांनीं आपल्या जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करून द्यावा असें गांवोगांव सांगितलें. भाव मागणारा माणूस सातबाऱ्यावरील नांवापर्यंत येऊन ठेपला, ही गोष्ट आमच्या पुढील विवेचनास फार उपयोगी आहे.

आतां तिसरें गद्य. सरकारी योजनेच्या लेखनाचा आवडता प्रयोग कर्मणि. 'लाभ देण्यात येत आहे', 'अपात्र ठरविण्यात येईल', 'वसुली करण्यात येईल'. कोण देतो, कोण ठरवितो, कोण वसूल करतो, याचा कागदांत पत्ता नसतो. कर्ता वाक्यांतून उठून फलकावर गेलेला असतो, आणि तेथें त्याचें हसरें छायाचित्र असतें. फेब्रुवारी २०१९ मध्यें जाहीर झालेल्या, आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरलेल्या केंद्राच्या योजनेचें नांव 'किसान सन्मान निधि'. वर्षास सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं. प्रथम ती दोन हेक्टरांपर्यंतच्या कुटुंबांस होती. जून २०१९ पासून, कांहीं अपवाद वगळून, सर्व जमीनधारक कुटुंबांस झाली. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं स्वतःचे आणखी सहा हजार त्यांत घातले व नांव ठेविलें 'महासन्मान'. दोन्ही मिळून एका कुटुंबास रोजचे तेहतीस रुपये होतात.

हे तेहतीस रुपये आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या पिशवीसाठीं सोनें गहाण टाकावें लागतें तेथें दोन हजार रुपयांची किंमत प्राध्यापकानें ठरवूं नये. पैसा मधल्या हातांस न शिवतां थेट खात्यावर येतो, हेंहि लहान काम नव्हे. जोतीरावांच्या कारकुनाची चिरीमिरी येथें वगळली गेली आहे. आमचा आक्षेप रकमेवर नसून नांवावर आहे. ज्यास दाम मिळत नाहीं त्याच्या भरपाईस 'सन्मान' म्हटलें, म्हणजे दामाचा प्रश्न विचारणारा कृतघ्न ठरतो. आणि एकदां सन्मान केला म्हणजे पुन्हां निर्यात बंद करतांना हात कांपत नाहीं.

युरियाच्या पोत्याचें वाक्य तर आणखी मौजेचें आहे. पंचेचाळीस किलोचें पोतें, कर आणि कडुलिंबाच्या लेपाचा खर्च सोडून, २४२ रुपयांस मिळतें. तें शेतकऱ्यास मिळणारें अनुदान म्हणून मोजलें जातें. परंतु १९७७ सालीं कारखान्यांचा खर्च भरून देण्याची पद्धत सुरू झाली तेव्हांपासून हा पैसा खत बनविणाऱ्याकडे जात आला आहे. हल्लीं दुकानांतील यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा टेकतो, आणि रक्कम कंपनीच्या खात्यावर जमा होते. अंगठा एकाचा, जमा दुसऱ्याची. स्वस्त खताचा खरा लाभहि ज्याच्या शेताला पाणी आहे त्यास अधिक होतो; माण-खटावच्या माळावर पाऊसच नसेल तर स्वस्त युरिया काय करावयाचा? शिवाय २०१० पासून स्फुरद व पालाश यांच्या खतांची किंमत वेगळ्या रीतीनें ठरूं लागली आणि युरियाची मात्र बांधलेली राहिली, तेव्हां शेतकऱ्याचा हात स्वस्ताकडेच वळावा यांत नवल नाहीं. त्याचा परिणाम जमीन भोगते. आणि तिचें नांव कोणत्याच विभक्तींत नाहीं.

गंमत अशी कीं, परदेशांत बोलतांना आमचें सरकार निराळी भाषा वापरतें. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या शेतीविषयक करारान्वयें अल्प उत्पन्नाच्या व साधनहीन शेतकऱ्यांस दिलेलें खत-पाण्याचें साहाय्य मर्यादेच्या हिशेबांत धरलें जात नाहीं. भारतानें तेथें कळविलें आहे कीं, २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें देशांतील ९९.४३ टक्के शेतखातीं अशाच शेतकऱ्यांचीं आहेत. जिनीव्हास शंभरांतील जवळजवळ शंभर साधनहीन, आणि घरच्या फलकावर सारेच सन्मानित! दोन्हीं वाक्यें एकाच लेखणीचीं आहेत. त्यांपैकीं पहिलें अधिक प्रामाणिक आहे, असें आम्हांस वाटतें.

पण या गद्यांतील सर्वांत निर्दय शब्द 'शेतकरी' हाच आहे. योजनेच्या व्याख्येंत शेतकरी म्हणजे ज्याच्या नांवावर जमीन आहे तो. खुरपणी, लावणी, वेंचणी जिनें केली तिचें नांव सातबाऱ्यावर नसेल तर ती शेतकरी नव्हे. दुसऱ्याचें रान वाट्यानें करणारा शेतकरी नव्हे. इतरांविषयीं प्रथमा कीं चतुर्थी असा वाद तरी घालतां येतो. हीं माणसें वाक्यांतच नाहींत.

हा कांहीं आमच्याच देशाचा दोष नव्हे. अमेरिकेंत मंदीच्या काळांत, १९३३ सालीं, शेतमालाचे भाव सांवरण्यासाठीं सरकारनें शेतकऱ्यांस कमी पेरण्याबद्दल पैसे दिले. उभा कापूस सुमारें एक कोटी एकरांवर नांगरून टाकला गेला आणि साठ लाख डुकरें मारून टाकलीं गेलीं. दक्षिणेकडील कापसाच्या प्रांतांत हे धनादेश बहुधा जमीनमालकांच्या नांवें निघाले. पेरणी कमी म्हणजे वाटेकऱ्याची गरज कमी, आणि त्यास हुसकून दिलें तर पैशांत वांटणीहि नको. तेव्हां कित्येक वाटेकरी कुटुंबें रस्त्यावर आलीं, आणि १९३४ मध्यें आर्कान्सा संस्थानांत काळ्या-गोऱ्या वाटेकऱ्यांनीं मिळून आपला संघ काढला. त्याच दशकांतील विस्थापित कुळांची कहाणी स्टाइनबेकनें १९३९ सालीं कादंबरींत सांगितली. ती कादंबरी आम्ही कित्येक वर्षें शिकविली. त्या माणसांसाठीं वर्गांत आवाज कातर केला. आमच्या स्वतःच्या शेताकडे पाहण्याचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं.

येथें आम्हांस स्वतःविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. आमचें महाविद्यालय अनुदानित आहे. १८५४ च्या वुडसाहेबाच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी साहाय्य देण्याचा जो पायंडा पडला, त्याच्याच लांबच्या वंशांत आमचा पगार येतो. तीस वर्षें आम्ही अनुदानावर जगतों आहों. पण आम्हांस फुकटाची चटक लागली असें कोणी म्हटलेलें आम्हीं ऐकलें नाहीं, आणि आमच्या पगारास कोणी 'सन्मान' असें नांव दिलें नाहीं. त्यास वेतन म्हणतात, आणि उशीर झाला तर आम्ही मोर्चा काढतों. आमचें अनुदान दाम ठरलें, आणि त्यांचें दान.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. सातारा जिल्ह्यांत आमची तीन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. ती एक कुटुंब निम्म्या वाट्यानें करतें. दोन वर्षांपूर्वीं आल्यासाठीं ठिबक बसवावयाचें ठरलें, तेव्हां संचाचा खर्च आम्ही व त्यांनीं निम्मा-निम्मा घातला. अर्ज अर्थातच आमच्या नांवें गेला: सातबारा आमचा, आठ-अ आमचा, आधार आमचें, बँकेचें खातें आमचें. अर्जांत आमचें वर्णन 'अल्पभूधारक शेतकरी' असें झालें, आणि अल्पभूधारकाच्या दरानें अनुदान मंजूर झालें. ज्याच्या हातांना घट्टा फक्त लेखणीचा आहे असा हा शेतकरी! रक्कम आमच्या खात्यावर आली. आम्ही गांवीं गेलों व निम्मी रक्कम वाटेकऱ्यांच्या हातांत ठेवली. ते संकोचले. म्हणाले, "सर, कागद तुमचा, पैसं तुमच्या खात्यावर आलं. तुम्ही देताय हा तुमचा मोठेपणा." त्यांच्या पत्नी ओट्यावर लसूण सोलीत बसल्या होत्या. मान वर न करतां त्या नवऱ्यास म्हणाल्या, "आवो, मोठेपणा कसला त्यात? निम्मं पैसं आपुन घातल्यात की."

त्या बाईंनीं जें एका वाक्यांत सांगितलें, तें सांगण्यास आम्हांस या मासिकाचीं इतकीं पानें लागलीं. त्यांचाच पैसा त्यांस परत करतांना, केवळ कागद आमच्या नांवाचा म्हणून, आम्ही दाते झालों होतों. आणि खरें सांगावयाचें तर गांवाहून परततांना एसटींत बसल्यावर आमच्या मनास थोडें बरेंहि वाटत होतें. सरकारच्या वाक्यांतील दोष शोधूं निघालेल्या टीकाकाराच्या घरांत तेंच वाक्य शब्दशः चालू होतें.

मग वाट्याचा कागद करून त्यांचें नांव कोठें तरी यावें असें आम्हीं आजवर कां केलें नाहीं? उत्तर साधें आहे, व लाजिरवाणें आहे. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांची आठवण आमच्या घरांत आजोबांपासून भीति म्हणून चालत आली आहे: लेखी दिलें कीं जमीन गेली. कसणाऱ्यास मालक करण्यासाठीं झालेला कायदा, कसणाऱ्याचें नांव कागदावर न आणण्याचें कारण होऊन बसला, आणि आज त्या कागदावरच सारीं अनुदानें चालतात. कुळास मालकी न देतां व मालकास न घाबरवितां जमीन खंडानें देण्याघेण्याचा नमुना-कायदा नीति आयोगाच्या समितीनें २०१६ सालीं सुचविला होता. तशा कायद्याची, निदान अनुदानापुरती कसणाऱ्याची निराळी नोंद ठेवण्याची, गरज आतां कोणीहि नाकारूं नये. आणि त्याच्या जोडीला जोतीरावांची मागणी जुनी झालेली नाहीं: खात्यावर हप्ता टाका, पण बंधाराहि घाला; कारण बंधाऱ्याखालचें पाणी झिरपतांना सातबारा विचारीत नाहीं. शरद जोशींचीहि मागणी जुनी झालेली नाहीं: देण्याआधीं काढून घेणें थांबवा, आणि दरसाल शेतकऱ्याच्या नांवावर किती दिलें याबरोबर भावांत किती नेलें तेंहि छापा. हे तीन उपाय एकमेकांचे वैरी नाहींत. बंधारा, दाम आणि नांव हीं तिन्ही मिळाल्यावर जें अनुदान उरेल, त्यास खुशाल अनुदान म्हणावें. मग त्या शब्दांतील 'दान' कोणास बोंचणार नाहीं.

राहिला आमचा प्रश्न. पुढच्या हंगामापूर्वीं वाटेकऱ्यांशीं लेखी करार करावा, त्यांत पतिपत्नी दोघांचीं नांवें असावींत, असें आम्हीं ठरविलें आहे. मसुदा तयार आहे. आमच्या वकीलमित्रांनीं तसें न करण्याचा सल्ला दिला आहे, घरांतूनहि तोच आग्रह आहे. हा लेख संपादकांकडे जात आहे तोंवर त्या कागदावर आमची सही झालेली नाहीं.